बालसुलभ, चाळीस मिनिटे

पाटीमास्तराला त्या सहलीतून एक दार मिळायचं होतं. दाराबरोबर खोली येणार होती, खोलीबरोबर खिडकी, आणि बाहेर नावाची पितळी पट्टी. पण त्याचा जीव अडकला होता तो दारात. बारा वर्षं तो ज्या दालनात बसत आला होता तिथे आणखी सहा टेबलं होती, झेरॉक्सचं मशीन होतं आणि त्याच्या खुर्चीच्या अगदी पाठीशी पिण्याच्या पाण्याचा कूलर होता. कार्यालयातला तहानलेला प्रत्येक माणूस ग्लास भरेपर्यंत त्याच्या खांद्यावरून त्याचं काम वाचायचा आणि जाता जाता ऱ्हस्व-दीर्घ सुधारून जायचा. लावून घेता येणाऱ्या दाराची किंमत अशा माणसाला विचारावी.

कार्यालय निसर्गवाटांचं होतं. डोंगराच्या पायथ्याशी हिरव्या पाट्या असतात ना, अमुक शिखर, तमुक तळं, इतके तास, वाट सोपी, वाट मध्यम, वाट अवघड, त्या सगळ्या याच्या टेबलावर जन्माला यायच्या. स्वतः त्याने त्यांतली एकही वाट तुडवली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी लागतो. याला फिरती खुर्ची पुरत होती. नकाशावरच्या वाटेवर शिवणाचा दोरा ठेवायचा, मग तो पट्टीवर मोजायचा, आकडा तयार. वळणावळणाने ठेवायचा कंटाळा आला की दोरा जरा ताणून धरायचा. नकाशाला चढ नसतो, चिखल नसतो, आणि दोरा कधी मध्येच बसून 'कडेवर घ्या' म्हणत नाही.

गेल्या वर्षी त्याला एक कल्पना सुचली. सोपी, मध्यम, अवघड यांच्या पंक्तीत त्याने चौथं पान मांडलं: बालसुलभ. मुलांना सुलभ ती बालसुलभ, त्यात काय एवढं! शब्द दिसायला गोंडस होता, पाटीवर नीट मावत होता, आणि कूलरपाशी येणाऱ्या एकालाही त्यात दुरुस्ती सापडली नाही. मुलांचा वेग काढायला त्याने चक्क प्रयोगही केला. एका सुट्टीच्या दिवशी थोरल्या मुलीला कार्यालयात आणलं, लांब व्हरांड्याच्या एका टोकाला उभं केलं, दुसऱ्या टोकाला बिस्किटांचा डबा ठेवला आणि घड्याळ लावलं. साठ मीटर, पंचवीस सेकंद. त्या वेगाने धबधबा सतरा मिनिटांवर आला. पाणी पिणं, फुलं बघणं वगैरेसाठी त्याने मोठ्या मनाने आणखी तेवीस मिनिटं घातली, आणि पाटी झाली: 'धबधबा. लहान मुलांसह चाळीस मिनिटे. वाट बालसुलभ.'

पाट्यांचे प्रमुख निवृत्त झाले आणि खोली रिकामी पडली, त्याच सुमाराला नव्या संचालकबाई आल्या. आल्या त्या रेल्वेच्या वेळापत्रक विभागातून. गाडी उशिरा आली तर लोक गाडीला शिव्या देतात, वेळापत्रक चुकलं तर आपल्याला, असं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. खोलीसाठी पाटीमास्तराचं नाव पुढे आलं तेव्हा त्यांनी फाईल उघडली, एका आकड्यावर पेन्सिलीचं टोक ठेवलं आणि विचारलं, "ही चाळीस मिनिटं कुणी चालून बघितली आहेत?"

पाटीमास्तराने टेबलावरचं दोऱ्याचं रीळ त्यांच्यादेखत खणात सरकवलं.

"रविवारी बघू. तुम्हाला मुलं आहेत ना?"

"दोन आहेत, मॅडम," तो म्हणाला. अर्जासोबत जोडलेल्या दाखल्यांबद्दल सांगावं तसा.

त्याची बायको रुग्णालयात नर्स होती. महिन्यातून एकच रविवार तिच्या हक्काचा, आणि तो ती झोपेसाठी राखून ठेवायची. नेमका तोच रविवार आला.

"मुलांना जरा मोकळी हवा," त्याने सुरुवात केली. "पानगळ सुरू झालीय. डोंगर म्हणे सोन्यासारखा दिसतो."

"कोण म्हणे?"

"माहितीपत्रकात लिहिलंय."

"पत्रक कुणी लिहिलंय?"

यावर तो चहात साखर ढवळत बसला. साखर केव्हाच विरघळली होती. बायको रोज चाळीस रुग्णांचं 'गोळी घेतली हो' ऐकायची आणि मग उशी उचलून खालची गोळी काढायची. तिच्यापुढे नवरा किती टिकणार!

"बरं, खोलीची खिडकी कुठल्या बाजूला उघडते तेवढं सांगा," ती म्हणाली. "म्हणजे मला कळू दे, माझी झोप कुठे गेली ते."

रविवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी सगळे पायथ्याशी उभे राहिले. सगळे म्हणजे पाटीमास्तर, बायको, आणि दोन दाखले. थोरली साडेसहा वर्षांची. तिला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं, त्यामुळे साबणाच्या वेष्टनापासून बसच्या तिकिटापर्यंत काहीही ती मोठ्याने वाचायची आणि वाचलेल्या प्रत्येक गोष्टीवर प्रश्न विचारायची. घरात तिला 'चौकशी' म्हणत. धाकटा साडेतीन वर्षांचा. त्याला मनाविरुद्ध उचलायला गेलं की तो अंग असं सैल सोडायचा की तीन माणसांना आवरायचा नाही. तो 'गोणी'. संचालकबाई एकट्याच आल्या होत्या. पायात जुने, तेल लावलेले बूट, गळ्यात स्टॉपवॉच, आणि काखेत एक छापील कागद: पडताळणी पत्रक. त्यात एक रकाना होता, 'सर्वांत लहान मुलास चालण्यास लागलेला वेळ', आणि खाली जागा होती, 'पालकाची सही (कर्मचारी वगळून)'.

म्हणजे सही बायकोची. हे पाटीमास्तराला तिथेच कळलं.

"धबधबा," चौकशीने पाटी वाचली. "लहान मुलां-सह चाळीस मि-नि-टे. बाबा, आम्ही लहान ना?"

"हो, हो. चला."

पण निघण्यापूर्वीच डबा उघडला गेला होता. वर पोचल्यावर खायची सफरचंदं, ब्रेड, उकडलेली अंडी यांतलं जे जे गोड ते गोणीने पायथ्याशीच संपवलं, आणि आता आपण घरी जाणार असं धरून तो गाडीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

पहिली अठरा मिनिटं सगळे गाडीपासून दिसतील इतकेच लांब होते. ओल्या पानांचा थर पडला होता, पिवळा, तांबूस, खाली निसरडा. पत्रकात लिहिल्याप्रमाणे डोंगर सोन्यासारखा दिसत होता हे खरं. पण गोणीला प्रत्येक पान सुटं बघायचं होतं. मग त्याला दगड सापडले. एकेक दगड तो बापाच्या खिशात नेऊन टाकू लागला, आणि एखादा नकळत बाहेर पडला तर भोकाड पसरून तोच परत मागू लागला. संचालकबाई पुढे दहा पावलं जाऊन थांबत, मागे बघत, घड्याळ बघत, आणि काही बोलत नसत. न बोलणाऱ्या साहेबापुढे माणसाला फार बोलावं लागतं. पाटीमास्तर झाडांबद्दल बोलला, हवेबद्दल बोलला, शेवटी खडकाच्या जातींबद्दलही बोलला. खडक त्याला खिशातल्या वजनावरून कळत होता.

बायको मागून येत होती. पाठीवर मुलांचे कपडे, पाणी, मलमपट्टी. मध्येच ती मनगटावरचं घड्याळ बघायची आणि डाव्या तळहातावर पेनाने काहीतरी लिहायची. वॉर्डातली सवय. कुठला डोस किती वाजता दिला, ताप केव्हा मोजला, सगळं आधी हातावर, मग कागदावर. अकरा वर्षांत तिने एका मिनिटाचीही हेराफेरी केली नव्हती, आणि एकदा एका बड्या डॉक्टरने 'आठचं साडेसात करा' म्हटलं तेव्हा ती त्याला म्हणाली होती, 'घड्याळ तुमचं आहे, हात माझा आहे.'

दुसरी पाटी आली तेव्हा निघून पंचावन्न मिनिटं झाली होती.

"धबधबा, तीस मिनिटे," चौकशीने वाचलं आणि ती थबकली. "आई, चाळीसमधून पंचावन्न गेले तर तीस उरतात?"

"बाबांना विचार. त्यांच्या शाळेत उरत असतील."

"बाबा, ही पाटी कुणी लिहिली?"

"हो," पुढून संचालकबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं, "कुणी लिहिली?"

"कार्यालयाने," पाटीमास्तर म्हणाला.

गोणी तिथेच पानांवर आडवा झाला. रडला नाही, ओरडला नाही. काम संपवून माणूस जसा पडतो तसा पडला. संचालकबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग पाटीकडे.

"शब्द गोड आहे. बालसुलभ. म्हणजे नेमकं काय अभिप्रेत आहे?"

"बाल म्हणजे मूल, मॅडम. त्याला सुलभ."

"बालसुलभ हट्ट म्हणतात, मॅडम," बायको पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत म्हणाली. "बालसुलभ रुसवा म्हणतात. म्हणजे लहान पोरासारखं वागणारं. आता ही वाट बघा ना. जरा नीट चालते, की लगेच उलटी वळते, मध्येच चिखलात बसते, आणि जायचं कुठे ते शेवटपर्यंत सांगत नाही. शब्द अगदी बरोबर पडलाय."

संचालकबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. पाटीमास्तराला त्या कोपऱ्यात आपलं दार बंद होताना दिसलं. आपल्या बाजूने नव्हे.

बुडत्याला काडीचा आधार. याने दोन काड्या धरल्या. पहिली काडी खोटी. तो मुलांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "वर धबधब्याशी आइस्क्रीमचं दुकान आहे. पण चालत येणाऱ्यालाच मिळतं." चौकशी ताठ उभी राहिली. "कुठले कुठले प्रकार आहेत?" "सगळे." "पिस्ता?" "दोन तऱ्हेचा." ती निघालीच. गोणी उठून बसला, विचार केला, आणि पुन्हा आडवा झाला. त्याला भविष्यकाळ अजून कळत नव्हता.

मग दुसरी काडी. रकान्यात वेळ लिहायचा होता मुलाने चालण्याचा, आणि चढ सगळा वळणावळणांचा. संचालकबाई वळणाआड गेल्या की हा गोणीला झटकन खांद्यावर टाकायचा आणि वाकून पळत सुटायचा. वळण आलं की उतरवून, बोट धरून, संथपणे प्रकट व्हायचा. तीन वळणं हे छान साधलं. बाई मागे बघायच्या तर मूल आपल्या पायांवर, बाप गालातल्या गालात हसतोय, फक्त घाम तेवढा धबधब्यासारखा. बायको तळहातावर लिहीत होती.

गोणीला मात्र या खेळातली गोम पटकन उमगली. ती बाई दिसली की आपल्याला खाली ठेवतात. नसली की वर घेतात. मुलांचं तर्कशास्त्र सरळ असतं. चौथ्या वळणावर बापाने त्याला खाली ठेवलं आणि समोर त्या मागे वळायला लागल्या, तसा तो जीव खाऊन ओरडला:

"मॅडम, मागे बघू नका!"

डोंगराने ते दोनदा परत म्हटलं.

संचालकबाई वळल्या. त्यांनी बापाच्या खांद्यावरचा ओला चिखल बघितला, दोन लहान बुटांच्या आकाराचा. मग त्या शांतपणे पुढे चालू लागल्या, आणि उरलेल्या वाटेत त्यांनी खरंच एकदाही मागे बघितलं नाही. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे गोणी उघडपणे खांद्यावर चढला आणि तिथून बापाच्या केसांना धरून डावीकडे-उजवीकडे असा हुकूम सोडू लागला.

सव्वाबाराला धबधबा आला. आला म्हणजे आहे असं सांगावं लागलं. मोठ्या पावसाने केव्हाच पाठ फिरवली होती. काळ्या कड्यावरून नळ नीट बंद न केल्यासारखी एक धार येत होती आणि खालच्या डबक्यात तिचा आवाजही पोचत नव्हता. चौकशीने धबधबा बघितलाच नाही. ती डबक्याभोवती पूर्ण फिरून आली.

"दुकान?"

"रविवारी बंद असतं," पाटीमास्तर म्हणाला.

"दुकान कुठे बंद असतं? बंद असलं तरी दुकान असतं ना?"

पाटीमास्तर खिशातले दगड मोजू लागला. ती रडली नाही. एका दगडावर चढून तिने कड्यावरची लहानशी पाटी मोठ्याने वाचली, "धब-धबा," आणि मग धारेकडे बघून आईला विचारलं, "हे तरी खरं आहे का?"

संचालकबाई एका सपाट खडकावर बसल्या होत्या. त्यांनी घड्याळ थांबवलं आणि पडताळणी पत्रक गुडघ्यावर पसरलं.

"तीन तास पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "आता ऐका. या वाटेचं माहितीपत्रक छापून आलंय. पंधरा हजार प्रती. त्यावर प्रस्तावना माझी आहे आणि चाळीस मिनिटं तिसऱ्या ओळीत आहेत. पाटी बदलायची, तर पत्रक बदलायचं, तर माझी सही मागे घ्यायची. आणि अशा बालसुलभ वाटा सदतीस आहेत. तुम्ही सगळ्याच दोऱ्याने मोजल्यात?"

"हो, मॅडम." त्याच्या तोंडून आज निघालेलं हे पहिलं खरं वाक्य.

"माझ्या आधीच्या खात्यात एक गोष्ट शिकले. गाडीला उशीर चालतो. वेळापत्रकाला चालत नाही." त्यांनी पडताळणीचा कागद बायकोपुढे धरला. "रकाना नीट वाचा. सर्वांत लहान मुलास चालण्यास लागलेला वेळ. मुलाने चालण्याचा. बाकी कशाचा नाही. तुम्ही लिहीत होतात, मी बघितलंय. धाकटा चालला किती?"

पाटीमास्तराने बायकोकडे बघितलं. बारा वर्षं, सहा टेबलं, एक कूलर, सगळं त्या एका नजरेत कोंबून बघितलं.  

बायकोने डावा हात उघडला. बराच वेळ ती बेरीज करत होती, दोनदा केली.

"बसून आणि लोळून बावन्न मिनिटं," ती म्हणाली. "झाडामागे पाच. खांद्यावर अठ्ठ्याऐंशी."

"आणि चालून?"

"चाळीस."

संचालकबाईंनी आकडा रकान्यात भरला, कागद तिच्याकडे दिला, तिने सही केली. "म्हणजे पाटी बरोबर आहे," बाई उठत म्हणाल्या. "खोलीची किल्ली उद्या माझ्याकडून घ्या." आणि त्या एकट्याच खाली उतरून गेल्या, वीस मिनिटांत पोचल्या असाव्यात.

उतरताना गोणी खांद्यावर झोपला होता आणि पाटीमास्तराची कंबर मोडायच्या बेतात होती, पण पाऊल हलकं पडत होतं.

"बघ, चाळीस म्हणजे चाळीसच निघाली!" तो म्हणाला. "दोऱ्याने का होईना, हिशेब चुकला नाही माझा."

"छत्तीस," बायको म्हणाली.

"काय?"

"छत्तीस चालला. खांद्यावर ब्याण्णव होती." तिने ओढ्याच्या पाण्यात हात बुडवला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा घासू लागली. "तुमच्या दारापायी चार मिनिटं इकडची तिकडे केली."

"अगं, चारच तर..."

"हो ना," ती म्हणाली. "चारच."

दार मिळालं. जाड लाकडाचं आहे, बिजागऱ्यांना तेल दिलेलं, लागताना आवाज करत नाही. खिडकी दक्षिणेला उघडते आणि हिवाळ्यात ऊन थेट टेबलावर येतं. पानगळ संपेपर्यंतच्या रविवारांत त्या वाटेने किती कुटुंबं गेली ते पायथ्याच्या नोंदवहीत आहे: चारशे अकरा. त्यांतल्या बहात्तर बापांनी तक्रार लिहिली. बाकीच्यांना बहुधा हात वर उचलता येत नव्हते. आलेल्या प्रत्येक तक्रारीला पाटीमास्तर दार लावून, स्वतःच्या हाताने, एकच उत्तर पाठवतो: फलकावरील वेळ बालकाच्या चालण्याचा असून तो विधिवत पडताळलेला आहे, कडेवर, खांद्यावर अथवा अन्यत्र घालवलेला वेळ पालकांचा स्वतःचा असल्याने तो या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.

तेव्हा हे दार कुणाला केवढ्याला पडलं? संचालकबाईंना बुटांना पुन्हा तेल लावावं लागलं. पाटीमास्तराला पंधरा दिवस पट्टा बांधून बसावं लागलं, पण बसायला खोली होती. गोणीला काहीच पडलं नाही. दगड घरी आले. चौकशीचं दोन तऱ्हेचं पिस्ता आइस्क्रीम बुडालं, आणि हल्ली ती पाटी वाचून झाली की आईकडे बघते. चारशे अकरा घरांचा एकेक रविवार गेला. बायकोची गेली ती चार मिनिटं. घरात कुणी किती वाजले विचारलं तर ती अजूनही बरोबर वेळ सांगते. फक्त नवऱ्याने विचारलं तर घड्याळाकडे न बघता म्हणते, "तुम्हाला किती हवेत?"